बाटलीतली हवा

प्रयोगशाळेतले दिवे दुरुस्तीसाठी आठवडाभर बंद राहणार होते, म्हणून सूनबाईंनी तीन वर्षं जपलेली बाटली घरी आणली. बाटलीत समुद्रात तरंगणारं सूक्ष्म शेवाळ होतं. नुसत्या डोळ्यांना ते फिकट हिरवं पाणीच वाटे, पण सूनबाईंचा अख्खा प्रबंध त्यावर उभा होता. शेवाळाला बारा तास उजेड हवा, आणि त्या कामाचा दिवा घरात एकच होता. तो सासऱ्यांच्या उशाशी.

"हे डबकं माझ्या डोक्याशी नको," आबा म्हणाले.

"आबा, समुद्रातले मासे शेवटी यांच्याच जिवावर जगतात. आणि आपला निम्मा प्राणवायू यांच्यासारखेच बनवतात. तुमचा दर दुसरा श्वास यांचा समजा."

दिवसभर दमलेली बाई एक वाक्य जास्त बोलून गेली. आबांना दोन जिने चढले की धाप लागायची.

तिसऱ्या दिवशी ती कामावरून परतली, तर दाराशी पाच जोड चपला. आत वरच्या मजल्यावरचे पोस्टमास्तर बाटलीला नाक लावून बसले होते आणि आबा श्वास मोजत होते, "दोन... तीन... बस! उठा आता, मागे लोक खोळंबलेत."

"आबा, बाटलीचा कापसाचा बोळा कुठाय?"

"खिशात. हरवेल म्हणून काढून ठेवलाय. काळजी नको."

"त्याच्यावाचून बाहेरचे जंतू आत जातात हो!"

"छे! सगळी घरंदाज माणसं आहेत."

शनिवारी पाणी दुधासारखं पांढरं झालं. सूक्ष्मदर्शकाखाली शेवाळाचा एकही जीव हलत नव्हता. जंतू तेवढे मजेत होते. मार्गदर्शकांनी फोनवर एक लांब उसासा टाकला. "समुद्रावर जा. पहिल्यापासून सुरू करा."

तीन वर्षं! ओरडायचं तिने ठरवलं होतं, पण त्यालाही अंगात त्राण लागतं. ती आबांच्या पलंगावर नुसतीच टेकली.

"आबा, मेले सगळे. बहुतेक गुरुवारीच."

आबा बोटांवर वार मोजू लागले.

"गुरुवारपासूनच तर मला मोकळं वाटतंय," ते हळूच म्हणाले. "बरोबर आहे. जिवंत होते तोवर तेही श्वास घेत असणार, हवेत वाटणी व्हायची. सूनबाई, पुढच्या वेळी मेलेलेच आण."