किक बसंना

राजनंदिनीला रविवारी धाराशिवच्या क्रीडा संकुलात उडी मारून, हवेत दीड गिरकी घेऊन लाथ मारायची होती. ज्या पायाने लाथ, त्याच पायावर उतरायचे, अशी त्या किकची अट. बसली तर जिल्ह्याच्या तायक्वांदो संघात जागा, नाही तर बाकावर बसून टाळ्या वाजवायच्या. बेंबळी गावच्या शेतात सोयाबीनच्या भुसकटाच्या ढिगावर ती महिनाभर आपटत होती. केसांतले भुसकट निघत नव्हते आणि उतरताना पाय टिकत नव्हता.

शनिवारी दुपारी ती अंगणातून पौर्णिमाला, तिच्या मैत्रिणीला, फोनवर सांगत होती, "किक बसंनाच गं. फिरती गरागरा, पण ऐन टायमाला सटकती. उद्या कसं व्हायचं?"

ओसरीवर सुपारी कातरणाऱ्या बलभीमअण्णांचा, तिच्या वडिलांचा, अडकित्ता थांबला. अण्णांची मोटारसायकल म्हणजे घरातले थोरले अपत्य. तिला किक मारायला कोणी पाय उचलला की ते बजावत, "दम धर. आधी हलकं दाब, मग सोड." एवढे सांगूनही पोरीने किक घालवली म्हणायची. पण उद्या तिची स्पर्धा, आज रागवायला नको, एवढा पोच त्यांना होता. ती रानात गेल्यावर त्यांनी गुपचूप सिद्धाराम मिस्त्रीला बोलावले.

सिद्धारामने किक मारली. गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली.

"चालू झाली की," अण्णा म्हणाले.

"आता झाली. पण ताई सटकती म्हणल्या ना? मग आत कायतरी हाय. उघडावं लागंल."

रविवारी सकाळी पांढरा ड्रेस घालून, वेणी आवळून राजनंदिनी बाहेर आली, तर अंगणात पोत्यावर अख्खी गाडी सुटी करून मांडलेली. संक्रांतीचे वाण मांडावे तशी.

"अण्णा, हे काय?"

"तूच म्हणलीस की, किक बसंना."

"माझी किक, अण्णा. ही." तिने पाय झटकून दाखवला. सिद्धाराम पान्यासकट मागे सरला.

अण्णांनी आधी तिच्या पायाकडे पाहिले, मग पोत्याकडे. "मग आधी सांगायचं न्हाय व्हय, पायाची म्हणून?"

"तुमाला कुठं सांगत होते मी?"

"आत काय सापडलं का रं?" अण्णांनी खालच्या आवाजात विचारले.

"काय बी न्हाय," सिद्धाराम अभिमानाने म्हणाला. "लई निरोगी गाडी हाय."

शेवटी बापलेक दुधाच्या टेम्पोत, कॅनांच्या मध्ये अंग चोरून, कसेबसे वेळेत पोचले. प्रत्येकाला तीन संधी होत्या. पहिल्या उडीत पाय सटकला. दुसऱ्या उडीत किक बसलीच नाही, राजनंदिनी बसली. तिसऱ्या वेळी ती वेणी पुन्हा आवळून उभी राहिली.

तेवढ्यात गर्दीतून ओळखीचा आवाज आला, "नंदे, दम धर. आधी हलकं दाब, मग सोड."

सगळे हसले. तिचे कान तापले, पण पायाने मात्र ऐकले. आजवर ती सगळा जोर पहिल्यालाच लावून मोकळी होत होती. या खेपेला तिने गुडघा अलगद वाकवला, जमीन दाबली, श्वासभर थांबली आणि सुटली. छत फिरले, माणसे फिरली, हवेत पाय सटकन वाजला आणि त्याच पायावर ती मेखेसारखी रोवून उभी राहिली.

"बसली," अण्णा शेजारच्या अनोळखी माणसाला म्हणाले. "आमची किक हाय ती."

संघात जागा मिळाली. सिद्धारामने गाडीही जोडून दिली. "सर आता एकाला लागून एक किक मारायला लावतेत," राजनंदिनीने जेवताना सांगितले. "त्याला चेन म्हणतेत." अण्णांनी ते नीट ध्यानात ठेवले.

पुढच्या आठवड्यात ती रानातून गाडी घेऊन आली आणि हाशहुश करत म्हणाली, "अण्णा, चेन सारखी निसटती बगा."

अण्णा गालात हसले. एकदा फसलेला माणूस दुसऱ्यांदा फसत नसतो. "जमंल पोरी, दम धर," असे म्हणून त्यांनी गाडीला किक मारली आणि बाजाराची वाट धरली. ती मागून ओरडत धावली. अण्णांना वाटले, पोरगी सराव करतेय. त्यांनी कौतुकाने हातही हलवला.

अंधार पडता पडता ते गाडी ढकलत परत आले. हात कोपरापर्यंत काळे, टोपी घामाने चिंब.

"मग आधी सांगायचं न्हाय व्हय," ते म्हणाले, "गाडीची म्हणून?"