सुगत सरांचा पालकसंपर्क

सुगत रामटेके सरांच्या वर्गात नऊ विद्यार्थी आहेत असं रजिस्टर म्हणत होतं, आणि सरांनी त्यातला एकही पाहिलेला नव्हता. बी.ए. दुसऱ्या वर्षाचा, सकाळी साडेसातचा इतिहासाचा तास. सर भंडाऱ्याहून पहाटेची बस पकडून सिहोऱ्याजवळच्या त्या कॉलेजात यायचे आणि रिकाम्या बाकांसमोर तासभर बसून राहायचे. वर्ग उघडा असायचा, झाडलेला असायचा, फळ्यावर तारीखसुद्धा टाकलेली असायची. नसायचे ते फक्त विद्यार्थी. असे बारा दिवस गेले. माणूस नवखा, नेमणूक तासिका तत्त्वावरची. विचारणार तरी कोणाला?

शेवटी प्राचार्या निर्मला मॅडमनीच बोलावून घेतलं. "सोमवारी मी स्वतः वर्गावर येतेय. पाच डोकी दिसली नाहीत तर हा तास बंद!"

तास बंद म्हणजे सरच बंद. त्यांना दुसरा तासच नव्हता. पहिलीवहिली नोकरी, कॉलनीभर पेढे वाटून झालेले!

"मॅडम, मी करू तरी काय?"

"नियम आहे ना. गैरहजर विद्यार्थ्याच्या पालकाला फोन लावायचा."

"पण मॅडम, हे सगळे पोराबाळांचे लोक आहेत. पुंडलिकराव छप्पन्न वर्षांचे आहेत. त्यांचे पालक मी कुठून आणू?"

"फॉर्मवर पालकाचा नंबर लिहिलाय की नाही?"

"लिहिलाय."

"मग लावा!"

फॉर्मवर खरंच एकच नंबर होता, पालकाचा. पहिलं नाव गोदावरीबाईंचं. वय एकोणपन्नास. पालकाचं नाव रूपा, नातं सून. सरांनी देवाचं नाव न घेता, कारण ते कुठल्याच देवाचं नाव घेत नसत, धीर करून फोन लावला.

"मी कॉलेजमधून बोलतोय. गोदावरीबाई आपल्या... म्हणजे आपल्या पाल्य ना?"

"हव, सासूबाई हायेत माह्या. काय केलं त्याहीनं?"

"केलं काही नाही. त्या कॉलेजला येत नाहीत."

"कायच्या येत नाही? रोज पावणेसहाले पिशवी घेऊन निघतेत, माह्या हातचा चहा पिऊन!"

"इथं तर पोहोचत नाहीत."

"अरे बाप्पा! मंग जातेत कोठी?"

हे सरांना ठाऊक असतं तर त्यांनी फोन कशाला केला असता? त्यांनी पुंडलिकरावांचा नंबर लावला. पालक सुंदरबाई, नातं पत्नी.

"ते तं रोज पावणेसहाले जातेत, सर. आंघोळ करून, केसाले तेल लावून. तीस वर्सांत माह्यासंगं कोठी जाताना तेल नाही लावलं त्याहीनं!"

"कमाल आहे," सर गोंधळून म्हणाले, "गोदावरीबाईसुद्धा पावणेसहालाच निघतात."

"कोण गोदावरी?"

आणि फोन बंद झाला. आपण काय बोलून बसलो हे सरांच्या लक्षात आलं, पण सुटलेला शब्द काही परत येत नाही. पुढचे सात फोन त्यांनी फार जपून केले आणि प्रत्येक फोनगणिक त्यांचं डोकं जास्तच फिरत गेलं. नऊच्या नऊ जण रोज पावणेसहाला कॉलेजला म्हणून घरून निघत होते. एकही पोहोचत नव्हता.

रविवारपर्यंत त्या नऊ जणांच्या पाठीमागं गावात नुसता कल्ला झाला. कोणी म्हणे, जंगलात गुप्तधन खोदून राहिले, नाहीतर पिशव्या कायले पाहिजेत? सुंदरबाईंचा संशय वेगळा होता, तो त्या कोणाला सांगत नव्हत्या. संध्याकाळी रूपाचा फोन आला. "सर, सकाळी आमी त्याहीच्या मागं मागं जातो. तुमीबी पावणेसहाले या. आग तुमीच लावली हाये!"

सोमवारी सर मित्राची मोटरसायकल घेऊन साडेचारलाच निघाले. गावाच्या तोंडाशी रूपा, सुंदरबाई आणि पाच-सात नातेवाईक कडुलिंबाआड उभे होते. सुंदरबाईंच्या हातात काठी होती. एवढ्यात नऊ जण आले. पुढं पिशवी सांभाळत गोदावरीबाई, मागं तेल लावलेले पुंडलिकराव. पाण्यानं भरलेल्या धानाच्या बांध्यांच्या कडेनं ही मंडळी चालत राहिली, जंगलाच्या वाटेशी आली, ती सोडून पुढं गेली आणि सरळ कॉलेजच्या फाटकात शिरली.

सगळे सरांकडं बघायला लागले. सुंदरबाईंची काठीही त्याच दिशेला वळली.

वर्गात पुंडलिकराव फळ्यावर तारीख लिहीत होते. गोदावरीबाई वहीतून हजेरी घेत होत्या. शेवटी त्यांनी पुकारलं, "सुगत सर?"

"हजर!" सगळ्यांनी एका सुरात ओरडून सांगितलं.

"मी कुठं हजर?" सर दारातून म्हणाले.

"तुमी कोण?"

"मी सुगत रामटेके!"

"आले बाप्पा एकदाचे!" पुंडलिकरावांनी खडू ठेवला. "किती दिवसांपासून वाट पाहून राहिलो! नवीन माणसाची नोकरी जाऊ नये म्हनून रोज हजेरी लावून राहिलो तुमची."

"पण तास साडेसातला आहे!"

"रोवणी चालू हाये नं सर. साडेसातले तं आमी चिखलात राह्यतो, धान लावत. रोवणीत सारं सहालेच चालते."

"मग मला कोणी सांगितलं का नाही?"

नऊ जणांनी एकमेकांकडं पाहिलं. त्यांना प्रश्नच कळला नव्हता. "रोवणीचं का सांगा लागते?" गोदावरीबाईंनी विचारलं.

शिपाई डोमालाही कोणी सांगितलं नव्हतं. तो आपणहून साडेपाचला वर्ग उघडून, झाडून, सातला आपल्या शेतावर जात होता. सर मात्र नोकरदारांच्या कॉलनीत वाढलेले. त्यांची आणि धानाची ओळख ताटातली.

आरडाओरडा ऐकून समोरच राहणाऱ्या निर्मला मॅडम झोपेतून उठून धावत आल्या. त्यांनी बाकांवरची डोकी मोजली, उभी असलेली मोजली नाहीत. "नऊपैकी नऊ! तास चालू राहील. रोवणी संपेपर्यंत सहाला."

सरांना अगदी भरून आलं. ते गोदावरीबाईंना म्हणाले, "माफ करा हं, बाई. तुमच्या घरी फोन करून उगाच घोटाळा केला मी."

"त्यात काय सर! नियमच हाये तसा. आमीबी केला."

"काय केलं?"

"फोन. इतके दिवस पोरगा येऊन नाही राहिला तं काळजी वाटते नं. मॅडमले सांगतलं असतं तं नोकरी गेली असती. म्हनून डोमाजवळून तुमच्या घरचा नंबर घेतला अन् आज पाच वाजताच लावला."

सरांच्या खिशातला फोन वाजला. आई होती, आणि तिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत ऐकू येत होता.

"सुगत! मी रोज चारले उठून तुह्या डब्याच्या पोया लाटून राहिली, अन् तू कॉलेजले जातच नाहीस? आज तं साडेचारलेच पळाला! जातो कोठी तू?"

सरांनी तोंड उघडलं, पण गोदावरीबाईंनी त्यांच्या हातातून फोन काढून घेतला.

"हव बाई, मघाशी बोलली ते मीच. आला हाये आज. हव, माह्या समोरच उभा हाये. तुमी काही काळजी करू नोका, आमी लक्ष ठेवतो."