जलवारूच्या विरजणाची हकीकत

श्री दर्याराजा साक्ष. खारे पाणी, गोडे पाणी, तेल आणि पेट्रोल ज्याचे त्याचे जागी राहो, आणि लिहिणाऱ्याचे हातून पदरचे काही न पडो. शके एकोणीसशे चाळीस, विलंबीनाम संवत्सर, कार्तिक शुद्ध पक्षी खाडीच्या मुखाशी एक राज्य होते. राज्य म्हणजे दोन सुरूच्या झाडांमधली वाळू, वर निळी ताडपत्री, चार प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि फौजेत घोडा एक. तो पाण्यावर धावे, लोक त्यास जेट-स्की म्हणत. घोडा टू-स्ट्रोक जातीचा, सबब पेट्रोलातच तेल मिसळून पाजावे लागे, तेल कमी पडले तर आतून करपून कायमचा बसे आणि जास्त झाले तर धुराने कोंदे. कारखान्याने सोबत तेलाचा पंप दिला होता, परंतु राज्याचे धनी आत्मारामराव यांचा यंत्रापेक्षा आपले हातावर भरवसा, म्हणोन त्यांनी पंप काढून टाकिला आणि दहा लिटरांस एक स्टीलचा पेला तेल ऐसा बंदोबस्त केला, आणि लोखंडी कॅनमध्ये स्वहस्ते हलवून मिसळीत आणि मग म्हणत, "झाला पंचामृत."

त्याच साली, पाच महिने आधी, अधिक ज्येष्ठात वारा फिरला. धनी सकाळी कॅन मिसळून ठेवून, होडी घेऊन जाळे सोडवावयास गेले आणि होडी परत आली, धनी आले नाहीत. गावाने चार दिवस खाडी पालथी घातली आणि काही हाती लागले नाही, मग वडीलधारे बसून मसलत जाहली की देह नाही तर दर्भाचा पुतळा करून अग्नी द्यावा, दिवस करावे. धन्यांचे कुटुंब वासंतीबाईसाहेब उंबऱ्यातूनच बोलल्या, "गवताक आग लावल्यान माजो घोव जाणा नाय." आणि ते बोलणे तिथेच खुंटले.

पावसाळा सरला, दिवाळीचे पाहुणे आले, आणि बाईसाहेबांनी पदर खोचून गादी चालविली. घोडा चालला तर चूल चालणार, इतका सरळ हिशेब होता. ऐसीयास पंचमीचे दिवशी घोडा भर खाडीत दोन पाहुण्यांसह खोकून उभा राहिला आणि होडीने ओढून आणावा लागला. मग सगुण मेस्त्री यांस बोलावणे गेले. हे आत्मारामरावांचे लहानपणापासूनचे सोबती आणि घोड्याचे वैद्य, हात सोन्याचा, परंतु जिभेला लगाम नाही. सगुणजींनी प्लग काढिला, तो ओला आणि काळा. तेव्हां तेल जास्त पडते ऐसा तर्क बांधून चारचौघांत बोलून गेले, "वयनी, पेलो बदललास काय? माप चुकता तुमचा." बाईसाहेबांनी घरातून पेला आणिला आणि त्यांच्या पुढ्यात ठेविला. तोच पेला, कडेला आत्मारामरावांचे नाव कोरलेला, लग्नातला. सगुणजींस मेल्याहून मेल्यासारखे जाहले, परंतु शब्द तो निघून गेला होता.

मग प्लग नवा घातला आणि घोडा एक दिवस धावला आणि पुन्हा बसला. मग फिल्टर उघडिला, तो त्यात पाण्याचे मणी आणि तांबूस गाळ. तेव्हां टाकी निपटून काढिली, झाकणाचे रबर नवे बसविले, कार्ब्युरेटर खोलून बारीक छिद्रे चिकटली होती ती तारेने मोकळी केली, आणि घोडा तीन दिवस असा पळाला की सगुणजी मिशीला पीळ देत घरी गेले. चौथे दिवशी पुन्हा तेच. आणखी काही दिवस पेट्रोल ऐसे अडखळत गेले तर तेलही पुरेसे पोचणार नाही आणि पिस्टन धरून बसेल, मग कोणाचे बापास उघडणार नाही, हे सगुणजी जाणून होते, सबब जेवण सोडून ताडपत्रीखाली बसून राहिले की पाणी येते कोठून ते डोळ्यांनी पाहावे.

दोन प्रहरी बाईसाहेबांनी नव्या कॅनमध्ये पेट्रोल घेतले, पेलाभर तेल घातले, हलविले, चूक काही नाही. मग घरात गेल्या आणि जुना लोखंडी कॅन घेऊन आल्या, तोही जोराने हलविला, त्यातले पेलाभर नव्यात ओतिले आणि नव्यातले पेलाभर परत जुन्यात.

"वयनी, ह्या काय?" सगुणजींनी पुसिले.

"विरजण," बाईसाहेब म्हणाल्या. "त्या दिसा सकाळी त्येंनी मिसळलेला. थोडा थोडा घालतंय. सगळा संपला तर मगे काय ऱ्हवला त्येंच्या हातचा?"

सगुणजींनी कॅन मागितला, त्यातले एका काचेच्या बाटलीत ओतिले आणि बाटली उन्हात धरिली. घटकाभरात वर निळसर पेट्रोल राहिले आणि खाली चार बोटे पाणी आणि गंज. साऱ्या पावसाळ्याची ओल पत्र्यात शिरली होती, आणि जितके प्रेमाने हलवावे तितके ते पाणी घोड्याच्या पोटात जात होते. आता हे सांगावे कसे? इंजिनाचा दोष सांगावयास त्यांस कधी जड गेले नव्हते. शेवटी खाली बघतच बोलले, "वयनी, ह्येच्यात पाणी झाला. आणि चार दीस घातलास तर घोडो कायमचो बसतलो."

"म्हणजे मीच मारतंय त्येका."

"तुमी राखूक गेलास." आणि पुढे म्हणाले, "आणि तुमचा माप बरोबर होता. मीच चुकलंय."

बाईसाहेबांनी ती बाटली उचलून डोळ्यांसमोर धरिली. खाडीत पाहुण्यांची पोरे हसत होती. मग म्हणाल्या, "वरचा तेवढा चांगला आसा मा?" सगुणजींनी मान डोलविली. "मगे ता करवंटीत काढा. आगपेटी आसा?"

सगुणजींनी घोडा आणि नवा कॅन दूर नेऊन ठेविला, ताडपत्रीपासून लांब, भरतीच्या रेषेशी वाळूत नारळाची करवंटी बसविली आणि वरचे तेवढे पेट्रोल तीत काढिले. काडी ते लावू लागले, तो बाईसाहेबांनी ती हातातून घेतली आणि आपण लाविली. जाळ उठला, आणि मागाहून तेलाचा निळा धूर आणि तो वास. आत्मारामराव घरी येत तेव्हां त्यांच्या सदऱ्यास येई तोच. सगुणजींस रडू आवरेना, पाच महिन्यांत ते रडले नव्हते. बाईसाहेब उभ्या राहिल्या ते करवंटी जळून तिचा कोळसा होईपर्यंत. मग लाट आली आणि कोळसा घेऊन गेली.

बाईसाहेबांनी पदराने तोंड पुसले आणि म्हणाल्या, "भावजी, भटजींका सांगून येवा. आजपासून दीस मोजा."

येणेप्रमाणे जलवारूची हकीकत जाहली. तेरावा पार पडला, आणि चौदावे दिवशी घोडा खाडीत उतरला आणि खोकला नाही. पुढे राज्यात नेम जाहला की दहा लिटरांस पेला एक, पेला तोच, आणि सांजेस कॅन पुरता रिता करून उन्हाच्या जागी पालथा घालावा. कळावे.