कामणचं पत्र आणि न लागलेलं दही

भागूबाईचं पत्र येऊन नऊ दिवस झाले होते आणि विलासरावांनी ते शब्दकोशात घालून ठेवलं होतं. पत्रांना उत्तर न लिहिण्यातले ते नव्हते. उत्तर लिहून ते न पाठवण्यातले मात्र होते.

चूक त्यांचीच होती. वसईच्या वाचनालयाच्या मासिकासाठी त्यांनी एका इंग्रजी लेखाचं भाषांतर केलं होतं : जनावरांना प्रतिजैविकांची इंजेक्शनं देताना घ्यायची काळजी. लेखाखाली त्यांचं नाव छापून आलं. आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासलेल्या या माणसानं म्हशीला कधी हातही लावला नव्हता. पण वाचनालयाच्या पत्त्यावर जवळच्या कामण गावच्या भागूबाईनं नातीकडून लिहून घेतलेलं पत्र आलं :

"डाक्टर सायबास नमस्कार. आमच्या कमळी म्हशीची कास सुजली. सरकारी डाक्टरानं पाच दिवस रोज एक सुई सांगितली. सूज तिसऱ्या दिशीच उतरली. मंग रायलेल्या दोन कशाला? आनि तिचं दूध मानसाला कवापासनं घालायचं? डाक्टर घाईत गेला, इचारायचं रायलं. तुमचं उत्तर येऊ दे."

विलासराव सहा वेळा लिहायला बसले. "मी डॉक्टर नाही" असं लिहावं, तर ती म्हणणार, मग लेख कशाला लिहिलास? दिवसांचा आकडा लिहावा, तर लेखातच म्हटलं होतं की तो औषधागणिक बदलतो. सहावा कागदही शब्दकोशात गेला.

इकडे गोखिवऱ्याच्या त्यांच्या चार मजली इमारतीत दही लागेनासं झालं. एप्रिलच्या उकाड्यात दुपारपर्यंत घट्ट होणारं दही दुसऱ्या दिवशी सकाळीही दूधच राहायचं.

पहिला संशय विलासरावांच्या बायकोच्या, मनोरमाबाईंच्या विरजणावर आला. ते विरजण त्यांनी बावीस वर्षांपूर्वी चिपळूणहून, मांडीवर डबा धरून आणलं होतं. आज ते वाटीवाटीनं चारही मजल्यांवर नांदत होतं.

"काकू, तुमचं विरजण म्हातारं झालं असेल," चौथ्या मजल्यावरची उन्नती म्हणाली.

"म्हातारं? अगं, तुझ्या लग्नातलं ताक त्याचंच होतं. तूच फ्रिजमध्ये गारठवलंस त्याला."

मग उमेळ्याहून दुसरं विरजण आणलं. तेही झोपलं. उन्नतीचं डोहाळजेवण चार दिवसांवर होतं, पानं चाळीस होती, आणि श्रीखंडासाठी पंच्यात बांधून टांगलेलं अर्धवट दही सगळंच्या सगळं खालच्या पातेल्यात गळून आलं. रिकामा पंचा वाऱ्यावर हलताना पाहून उन्नतीला रडू फुटलं, आणि इमारतीचा संशय विरजणावरून दुधावर गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाला शत्रुघ्न कॅन घेऊन जिन्याशी आला, तेव्हा सोसायटीचा सेक्रेटरी जितेंद्र वाटच पाहत होता.

"बॉस, दुधात काय टाकतोस? धुण्याचा सोडा ना?"

"शेट, पानी घालतो म्हना. एक येळ ऐकून घेईन. सोडा नाय."

"उद्यापासून दूध बंद. पूर्ण बिल्डिंगचं."

शत्रुघ्नचा चेहरा उतरला. त्याच्या तीन म्हशींचं बहुतेक दूध याच जिन्यावर संपत होतं. "आमच्यात खोटं नाय चालत," तो म्हणाला. "कामणात येऊन माज्या आयसला इचारा. भागूबाई म्हना, कोन पन घर दाखवल."

जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर, वर्तमानपत्राआड उभ्या असलेल्या विलासरावांच्या हातून वर्तमानपत्र गळालं.

आपल्याच भाषांतरातलं एक वाक्य त्यांच्यापुढे उभं राहिलं : असं दूध उकळलं तरी औषध जात नाही, आणि त्याचं दही लागत नाही. लिहिताना त्यांनी फक्त क्रियापद दोनदा तपासलं होतं. आता त्यांना ते दिसलं. कामणच्या गोठ्यात म्हशीच्या मानेत टोचलेलं दोन चमचे औषध, तिच्या रक्तातून कासेत, कासेतून कॅनमध्ये, कॅनमधून चार मजले चढून आलेलं. उकळत्या पातेल्यातून जिवंत निघून त्यानं बावीस वर्षांचं विरजण गप्प केलं होतं. आणि ते ना कुणाला दिसलं, ना कुणाच्या जिभेला कळलं.

"शत्रुघ्न," ते अडखळत म्हणाले, "कमळीची कास कशी आहे?"

शत्रुघ्ननं कॅन खाली ठेवला.

"काका, तुमाला कमळी कशी ठावं?"

"तुझ्या आईचं पत्र आलं होतं."

"ते वसईच्या डाक्टराला धाडलेलं. आय रोज पोस्टमनची वाट आडवते."

"तो डॉक्टर मीच. म्हणजे, मी डॉक्टर नाही."

"अहो," मनोरमाबाई म्हणाल्या, "एकदा काय ते ठरवा."

विलासरावांनी सगळं सांगितलं. नऊ दिवसांसकट. शत्रुघ्न मान खाली घालून ऐकत होता. "आय कमळीचं दूध येगळं ओतत होती," तो हळूच म्हणाला. "उत्तर येऊ दे म्हनली. चार दिस वाट बघितली, मंग मीच घातलं कॅनात. दूध तर चांगलं दिसत व्हतं."

"आजच्यातही आहे?" जितेंद्रनं विचारलं. तो नुकताच दोन कप चहा पिऊन आला होता.

"हाय."

जितेंद्र पोटावर हात ठेवून पायरीवर बसला. दूध बंद करायचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही. त्या दिवशीचं दूध टाकून दिलं. उन्नतीच्या श्रीखंडासाठी शत्रुघ्नच्याच दुसऱ्या दोन म्हशींचं दूध आणायचं ठरलं.

"पन काका, आयला मी सांगून पटनार नाय," शत्रुघ्न निघताना म्हणाला. "पत्र तिनं धाडलंय. तिला पत्रच पायजे."

विलासराव सातव्यांदा बसले. या वेळी पोस्टकार्ड घेतलं, म्हणजे जागाच कमी.

"सौ. भागूबाई यांस नमस्कार. मी डॉक्टर नाही. दूध किती दिवस वर्ज्य हे मला माहीत नाही. ते औषधावर असतं. रिकामी बाटली घेऊन ज्यांनी सुई दिली त्या डॉक्टरांकडेच जा. राहिलेल्या सुयांचंही त्यांनाच विचारा. सूज उतरली म्हणून आपल्या मनानं थांबू नये. ते सांगतील तोवर दूध कुणालाही देऊ नका, कितीही चांगलं दिसलं तरी. तुम्ही वेगळं ओतत होता, तेच बरोबर होतं. उशिराबद्दल क्षमा. कमळीस आशीर्वाद."

मनोरमाबाईंनी खांद्यावरून वाचलं. "माहीत नाही, डॉक्टरांना विचारा. एवढं लिहायला नऊ दिवस?"

"हेच उत्तर बरोबर आहे, हे कळायला लागले," विलासराव म्हणाले.

टपालपेटीपाशी ते थबकले. म्हशीला आशीर्वाद लिहितात का, अशी शंका आली. पण तोवर कार्ड आत पडल्याचा आवाज झाला होता.