दुभाषी रंगो त्रिमल यांनी ‘थोडकी’ कैसी तोलिली

श्री. वाग्देवी जिभेस तोल देवो. शके सतराशे, विलंबीनाम संवत्सरी एका राज्याचे सागरकिल्ल्यास गनिमाने खुष्कीकडून वेढा घातला आणि तोफांची दारू सरत आली, आणि मग टोपीकरांचा वकील दारूचे गलबत घेऊन स्नेहास आला. महाराजांनी मेजवानी दिधली. राज्याचा शिरस्ता ऐसा की पाहुण्याने तीन वेळ ‘पुरे’ म्हटल्याखेरीज वाढपी हटत नाहीत. वकील ‘इनफ’ म्हणाला आणि पुरणपोळी पडली, मग ‘टू मच’ म्हणाला आणि तुपाची धार पडली, आणि काय सांगावे, साहेबास पाटावरून उठवेना!

दुसरे दिवशी सदरेस वकिलाने पुसिले, “दारू किती पाहिजे?” महाराज रीत पाळून बोलिले, “थोडकी असो. आपणांस तोशीस नको.” सारी सदर मान डोलवू लागली, की आता वकील आग्रह करील. अहो, टोपीकर कसला आग्रह करतो! हे जाणे एक दुभाषी रंगो त्रिमल. गडी हुशार, आणि आपण हुशार हेही त्यास पक्के ठाऊक. मनी म्हणाला, ‘अ लिटल’ सांगावे तर हा चार पिंपे उतरवून शीड उभारील आणि किल्ला गेला. नुसते ‘लिटल’ म्हणावे तर नकोच म्हटल्यासारखे. ‘व्हेरी मच’ म्हणावे तर धन्याचा शब्द फिरविला, आपली मान जाईल. ‘टू मच’ तर काल जेवणातच खर्ची पडले. मग रंगोपंत छाती काढून वदले, “साहेब, महाराज ‘अ लिटल’ म्हणतात. परंतु काल आपण ‘इनफ’ म्हणालात, तेव्हा आमच्या वाढप्यांनी काय केले?”

वकिलाने पोटावर हात ठेविला आणि मग जो हसला तो सदर दचकली. पिंपे उतरू लागली. महाराज म्हणाले, “पुरे.” रंगोपंत म्हणाले, “इनफ.” वकील ओरडला, “नो, नो! अ लिटल मोर!” आणि कोठार भरले. महाराज पुन्हा “पुरे” म्हणाले, आणि मग देवडीही भरली. तेव्हा महाराज हळूच वदले, “रंगोपंत, तिसरे ‘पुरे’ आम्ही कधी म्हणावे?”

“गलबत रिकामे जाहल्यावर, महाराज.”

ऐसा किल्ला राहिला, गनीम वेढा उठवून गेला, रंगोपंतांस सोन्याचे कडे मिळाले, आणि वकील पुढे या राज्यात जेवावयास येई तो आदले दिवशी उपाशी राहून. वर्तमान इतुकेच. पुरे.