झाकणभर पाणी

पाऊस आला की आमच्या गावातली माणसं अंगणात येऊन तोंड वर करतात. शेजारचे नाना मात्र छत्री घेऊन धावतात. स्वतःसाठी नाही, कुंड्यांसाठी. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात खताच्या रिकाम्या गोण्या, आणि तोंड पावसाकडं. "आला का? बोलावलं हुतं का कुनी तुला?" आमचं गाव काष्टीच्या वरच्या अंगाला, माळावर. कालवा आमच्या अलीकडंच संपतो. अशा गावात पावसावर खेकसणारा हा एकच माणूस असेल, आणि तो नेमका माझ्या भिंतीला भिंत लावून राहतो.

मी हे त्यांना तोंडावर कधी म्हटलेलं नाही. माणसांसमोर माझ्या तोंडातून शब्द फुटत नाही. म्हणून वहीत लिहिते.

नाना म्हणजे गावचे जुने वॉलमन. टाकीखालचा वॉल फिरवून आळीआळीनं नळाला पाणी सोडायचं काम त्यांच्याकडं होतं. त्यासाठी एक लांब लोखंडी चावी होती, कमरेएवढी, वर आडवी मूठ असलेली. सुलटी फिरवली की खालच्या आळीला पाणी, उलटी फिरवली की वरच्या. त्या काळात नानांचा जो रुबाब होता तो तहसीलदाराचा नसेल. सकाळी ते दार उघडायच्या आत ओट्यासमोर बायका उभ्या. "नाना, आज पाणी?" नाना दात कोरत बाहेर यायचे, आभाळाकडं बघायचे आणि म्हणायचे, "बघू." नाहीतर, "न्हाई." त्यांच्या तोंडून "व्हय" निघालेलं मी तरी फारसं ऐकलं नाही.

आता टाकीवर मशीन बसलं आहे. पाणी मोबाईलवरून सुटतं. नाना रिटायर झाले, पण चावी झाली नाही. ती ते काठीसारखी हातात धरून हिंडतात. देवळात जाताना, दाढीला जाताना, कुणाच्या दहाव्याला जाताना, कुठंही. जणू गावाचं पाणी अजून त्यांच्या हुकमाची वाट बघतं आहे.

बरं, उभा जन्म लोकांना पाणी देताना हात आखडला, तेवढ्यानं पोट भरलं नसावं. रिटायर झाल्यावर या माणसानं पाणी न लागणारी झाडं पाळली.

अंगणात पाय ठेवायला जागा नाही. कोरफड, पानफुटी, चिनी गुलाब, काटेवाली युफोर्बिया, आणि सगळ्यांत मानाची ती अडेनियम. नाना तिला 'आडेनी' म्हणतात. खाली सुरणाच्या गड्ड्यासारखा फुगलेला बुंधा, वर चार काड्या, आणि काड्यांच्या टोकाला गुलाबी फुलं. दरवर्षी नाना तिला उपटतात, मुळं सावलीत वाळवतात आणि पुन्हा लावताना दोन बोटं वर उचलून लावतात. का, तर "पोट दिसलं पायजे." स्वतःचं पोट पाठीला चिकटलेलं, आणि झाडाच्या पोटाचं एवढं कौतुक!

कुंड्या म्हणाल तर एक धड नाही. फुटका माठ, तेलाचा डबा, तडा गेलेलं बेसिन. आळीतल्या गोदाक्कांनी एकदा गळकी कळशी दिली होती, बाजारात जाताच आहात तर डाग देऊन आणा म्हणून. नाना बाजारातून आले, कळशी आली नाही. आठ दिवसांनी गोदाक्कांना ती नानांच्या ओट्यावर दिसली. आत मुरूम आणि विटांचा चुरा, वर पानफुटी.

"नाना, एक भोक बुजवायला दिलं हुतं. तुमी आनखी तीन पाडली व्हय?"

"एका भोकानं निचरा हुत न्हाई," नाना म्हणाले. गोदाक्का पुढं जे बोलल्या ते मी लिहिणार नाही.

आणि पाणी? खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं एक झाकण आहे, त्या झाकणानं. उन्हाळ्यात आठ दिवसांतून एकदा, थंडीत तेही नाही. त्याआधी तपासणी. सायकलच्या चाकाची तार मातीत खुपसायची, बाहेर काढून गालाला लावायची, मग पान दोन बोटांत दाबायचं. नव्वद टक्के वेळा निकाल एकच. "तहान न्हाई. ढोंग करतंय." आणि मग अंगणातल्या सगळ्या झाडांना ऐकू जाईल असं, "तहान कळली पायजे!" हे त्यांचं पालुपद. पाहुण्याला अर्धा कप चहा दिला तरी हेच म्हणतात. नानी होत्या तेव्हा आडेनीला 'माझी सवत' म्हणायच्या. नानी जाऊन चार वर्षं झाली. आता त्या घरात नाना, चावी आणि सवत.

गेल्या हिवाळ्यात नानांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. लेक सुमन नगरहून गाडी घेऊन आली. पंधरा दिवस तिच्याकडं राहायचं होतं. निघायच्या वेळी नाना चावी टेकत माझ्या दारात आले.

"सूनबाई, झाडं तुझ्याकडं."

मी मान हलवली.

"गोदीला सांगितलं असतं, पन ती सगळ्या गावाला बोलावून दाखवंल. तू बोलत न्हाईस, म्हनून तुझ्याकडं. ऐक. पानी घालायचं न्हाई. एक थेंब न्हाई. नुसतं बघायचं."

नुसतं बघायचं! हे काय काम झालं? गाडी वळेपर्यंत नाना खिडकीतून बोट हलवत होते, न्हाई, न्हाई.

आता आमच्या गावाची रीत सांगते. इथं कुणी पाणी ओतून देत नाही. तांदूळ-भाजी धुतलेलं म्हशीला, अंघोळीचं अळूला, भांड्यांचं कढीपत्त्याला. या घरात आले त्या पहिल्या दिवशी सासूबाईंनी मला चूल दाखवायच्या आधी हे दाखवलं. आणि नेमकी नाना निघायच्या आदल्याच दिवशी आम्ही म्हैस विकली होती. नाना गेले त्या दुपारी मी तांदूळ धुतले आणि पातेलं हातात घेऊन उभी राहिले. धुवण द्यायचं कुणाला? रस्त्यावर फेकायला हात उचलेना. भिंतीपलीकडं ती झाडं, सुरकुतलेली, धुळीनं माखलेली. मी भिंतीवरून पातेलं उपडं केलं. आडेनी भिंतीला लागूनच होती.

मग रोजच. चार दिवसांत तिची पानं तरतरीत झाली. बुंधा कसा टणक, चकचकीत. मला इतका आनंद झाला की विचारू नका. एवढी वर्षं हा माणूस झाडांना उपाशी मारतो आणि वर शहाणपण सांगतो. येऊ दे परत, बघू दे डोळे भरून, ऑपरेशनच्या नव्या डोळ्यांनी.

आमचे मालक म्हणाले, "अगं, नाना नको म्हनले हुते ना?"

"म्हनत्यात ते कायबी! झाड हाय का दगूड?" घरात मला बोलता येतं.

बाराव्या दिवशी पानं पिवळी पडली. तेराव्या दिवशी वास आला. मी बुंध्याला बोट लावलं, तर बोट आत गेलं. शिळ्या भातात जावं तसं.

पुढचे दोन दिवस मला घास गोड लागला नाही. नाना आले की काय बोलायचं ते मी भांडी घासताना म्हणून बघायची. 'नाना, माझ्याकडून चूक झाली.' एवढंच वाक्य. कढईसमोर नीट यायचं.

नाना आले ते काळा चष्मा लावून, खुशीत. ओट्यावरूनच ओरडले, "सूनबाई! डॉक्टरनी सांगितलं, डोळ्याला पानी लावायचं न्हाई. बघ, शिकलेला मानूस!" आणि सरळ आडेनीकडं गेले. अजून नीट दिसत नव्हतं, म्हणून हातानं चाचपलं. हात पोटावर आला आणि तिथंच थांबला.

मी कधी भिंतीला वळसा घालून त्यांच्या अंगणात गेले ते मला कळलं नाही. वाक्य काही आलं नाही.

"रोज?" नानांनी विचारलं.

मी मान हलवली. त्यांना दिसलं नसावं, म्हणून म्हटलं, "व्हय."

"काय?"

"तांदळाचं धुवण."

नानांनी बोटं नाकाला लावली. मग म्हणाले, "म्हस विकली व्हय?"

आमची म्हैस विकल्याचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पण कोणत्या घरातलं कोणतं पाणी कुठं जातं, ते या माणसाला पाठ होतं.

"हळद आन. आन सुरी."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी कुंडी उपडी केली आणि आडेनीला खालून कापायला सुरुवात केली. चकती कापायची, बोटानं चाचपायची, नाकाला लावायची. "सडलंय." पुन्हा कापायची. "सडलंय." ज्या पोटाचं एवढं कौतुक, ते सगळं चकत्या होऊन जमिनीवर पडलं. शेवटी वर वीतभर तुकडा राहिला. त्याचा काप पांढरा, कोरडा निघाला. नानांनी त्यावर हळद दाबली आणि सुतळीनं बांधून सावलीत उलटा टांगला. मग चष्मा वर करून सदऱ्याच्या बाहीनं डोळा पुसला. डॉक्टरांनी पाणी लावू नका म्हणून सांगितलं होतं.

"जगंल?" मी विचारलं.

"बघू."

मी उठले. पायरीपर्यंत आले तेव्हा मागून आवाज आला.

"शिक्षा हाय तुला."

मी थांबले.

"उद्यापासनं रोज सकाळी यायचं. आन इचारायचं, नाना, आज पानी? मी न्हाई म्हनंन. तरी इचारायचं." चावी जमिनीवर टेकवत ते थोडं थांबले. "पूर्वी सगळा गाव इचारायचा. तू तेवढं कधी न्हाई इचारलंस. तुझी सासू यायची, आन तू घागर घेऊन मागं हुबी. आता तर कुनीच..." पुढचं त्यांनी गिळलं आणि माझ्यावर खेकसले, "आन मोठ्यानं इचारायचं! रस्त्यावर ऐकू गेलं पायजे!"

पहिल्या सकाळी माझा आवाज भिंतही ओलांडेना. नानांनी मला तीनदा विचारायला लावलं. गोदाक्का रस्त्यात थांबून हसल्या. चौथ्यांदा मी विचारलं तेव्हा कावळा उडाला, आणि नाना दार उघडून बाहेर आले. अंघोळ करून, केस विंचरून, दात कोरत. आभाळाकडं बघितलं आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणाले, "न्हाई!"

असा हा विचित्र माणूस. आठ दिवसांनी त्यांनी तो तुकडा कोरड्या मुरमात रोवला. मी रोज विचारत गेले आणि ते रोज नाही म्हणत गेले. दोन महिने झाले. इतक्या वेळा नकार ऐकून दगडालासुद्धा राग आला असता.

काल सकाळी विचारलं, तर नाना आभाळाकडं बघेनात. माझा हात धरून कुंडीजवळ नेलं. काडीच्या टोकाला मोहरीएवढं हिरवं काहीतरी होतं.

"व्हय," नाना म्हणाले. "आज हाय."

त्यांनी झाकण माझ्या हातात दिलं, अर्धं भरलेलं. रांजणापासून कुंडीपर्यंत सात-आठ पावलं असतील. इतकं जपून मी डोईवरचा हंडासुद्धा कधी आणला नव्हता.