पट्ट्याशिवाय प्रवेश नाही

एका मंगळवारी दुपारी पासवाले "बरं, जाऊ" म्हणाले आणि पुढचं सगळं रामायण त्यातून घडलं.

तसं "जाऊ" ते गेली वीस वर्षं म्हणतच होते. बायकोला समुद्र बघायचा होता. तोही परदेशातला, कॅलेंडरवर असतो तसा निळाशार. आधी लेकीची शाळा आडवी आली, मग लेकीचं लग्न, मग नोकरी. (निवृत्तीनंतर एकही कारण उरलं नाही, तेव्हा त्यांनी गुडघे पुढे केले.) पण त्या दुपारी बायकोने "आपण समुद्रावर कधी जायचं हो?" असं चार वेळा विचारलं, आणि चारही वेळा पहिल्यांदाच विचारत असल्यासारखं. तिच्या आजाराचं नाव डॉक्टरांनी आठ दिवसांपूर्वीच सांगितलं होतं. वर म्हणाले होते, "त्यांना जे दाखवायचं असेल ते लवकर दाखवा."

पासवाले हे काही त्यांचं आडनाव नव्हे. कारखान्याच्या गेटवर पास तपासण्यात त्यांची छत्तीस वर्षं गेली. चौदाशे कामगारांचे पास नंबर तोंडपाठ. मोठे साहेब एकदा पास विसरले, तर त्यांनाही अर्धा तास गेटबाहेर उभं केलेलं. आणि लग्नाच्या पहिल्याच वर्षी, यांचा विसरलेला डबा घेऊन बायको धापा टाकत आली तेव्हा तिलाही.

"अहो, मी आहे!"

"सगळे असंच म्हणतात. नियम म्हणजे नियम."

डबा आत गेला, बायको उन्हात राहिली. ही गोष्ट ती प्रत्येक लग्नकार्यात यांच्या आवाजाची नक्कल करून सांगायची. लोक पोट धरून हसायचे, पासवालेही हसायचे. गेल्या वर्षी भाच्याच्या लग्नात तिने ती गोष्ट अर्ध्यावर सोडली आणि यांनाच विचारलं, "मग पुढे काय झालं हो?" तेव्हाही लोक हसले. पासवाले मात्र हसले नाहीत.

लेकीने रिसॉर्ट शोधलं. तिथे म्हणे सगळं समाविष्ट. खाणं, पिणं, खोली, छत्री, होडी, एकदा आत गेलं की कुणाला काही विचारायचं नाही. "फक्त मनगटावर एक पट्टा बांधतात, बाबा. तो असला की सगळं मिळतं. तो काढायचा मात्र नाही."

पासवाल्यांचा चेहरा उजळला. परदेश म्हणजे नेमकं काय, ते त्यांना आत्ता कळलं.

पट्टा निळा होता, प्लॅस्टिकचा. त्यावर रिसॉर्टचं नाव आणि खोलीचा नंबर, दोनशे चौदा. जेवणघराच्या दारात एक माणूस नुसत्या पट्ट्याकडे बघून आत सोडत होता. पासवाले पहिल्याच दिवशी त्याच्याशी वाद घालून आले. "नंबर वाचत नाही लेकाचा! नुसता रंग बघतो. उद्या कुणी निळी रिबीन बांधून आला म्हणजे?" त्या माणसाला यातलं एक अक्षर कळलं नाही. त्याने यांना हसून सरबताचा पेला दिला. बायको मात्र दारातल्या त्या माणसाकडे कौतुकाने बघत राहिली. दर वेळी आत जाताना ती शाळेतल्या मुलीसारखा हात पुढे करून पट्टा दाखवी, आणि मागून येणाऱ्यांनाही बजावी, "पट्टा दाखवा हो, पट्टा!"

आणि खरं सांगायचं तर ती जागा तिच्यासाठीच बांधलेली होती. घरी ती जेवण झाल्यावर पाच मिनिटांनी पुन्हा ताटावर बसे. पासवाले म्हणत, "अगं, आत्ताच जेवलीस," आणि तिचा चेहरा पडे. हे दिवसातून सहा वेळा. इथे तिने एका दुपारी पाच वेळा आइस्क्रीम मागितलं आणि वाढप्याने पाचही वेळा पहिल्यांदाच दिल्यासारखं दिलं. "आत्ताच खाल्लंत" म्हणणारं त्या मुलखात कुणीच नव्हतं. (एक होता, पण तो तोंडात चमचा घालून गप्प बसला.)

एकच गोष्ट त्यांना टोचत राहिली. बायको यांना आयुष्यभर "अहो" म्हणत आली होती. इथे ती वाढप्यालाही "अहो" म्हणे, झाडांना पाणी घालणाऱ्यालाही "अहो" म्हणे. त्यामुळे मागून "अहो" ऐकू आलं की पासवाले वळायचे, पण ही हाक नवऱ्याला आहे की एका सभ्य गृहस्थाला, ते काही केल्या कळत नसे. विचारायची हिंमत होत नव्हती.

तिसऱ्या दिवशी छत्रीखाली त्यांचा डोळा लागला. उघडून बघतात तर शेजारची खुर्ची रिकामी!

पासवाले होते तसे धावले. गुडघे वगैरे सगळं विसरून, अर्ध्या चड्डीवर, खांद्याला टॉवेल, एका पायात चप्पल. स्वागतकक्षात जाऊन ओरडले, "माझी बायको हरवली!"

तिथल्या मुलीला मोडकंतोडकं हिंदी येत होतं. तिने वही ओढली. "कपडे कोणत्या रंगाचे होते?"

चौदाशे नंबर ज्यांना पाठ होते त्यांना आज सकाळी बायकोने काय घातलंय ते सांगता येईना. तिला झगा घालताना, बटणं लावताना मदत यांनीच केली होती. त्यांना तिथेच रडू फुटलं. वहीवाली मुलगी घाबरून उठली आणि सरबत घेऊन आली.

तेवढ्यात दाराशी बॅटरीवरची छोटी गाडी थांबली. आत बायको, हातात आइस्क्रीम. ड्रायव्हरने तिच्या मनगटाकडे बोट दाखवलं. "दोनशे चौदा," म्हणाला, आणि गेलासुद्धा.

झगा पिवळा होता.

त्यानंतर ती रोज हरवली आणि रोज परत आली. कधी गाडीतून, कधी माळ्याचा हात धरून. पट्टा वाचायचा आणि आणून सोडायचं. घरी दाराला वर एक, खाली एक अशा दोन कड्या होत्या, घुंगरू बांधलेलं होतं, आणि ते वाजेल म्हणून पासवाले वर्षभर धड झोपले नव्हते. इथे ते छत्रीखाली घोरू लागले. घोरताना आपण किती दमलो होतो, हे त्यांना कळलं.

शेवटच्या दिवशी ते तिला घेऊन पाण्यात शिरले, गुडघाभर. लाट आली की ती यांचा हात घट्ट धरे आणि खळखळून हसे. समुद्र अगदी कॅलेंडरसारखाच होता. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "एक वाईट वाटतं बघा."

"काय गं?"

"आमच्या ह्यांना आणायला हवं होतं."

पासवाल्यांनी हात सोडला नाही.

"त्यांना गेट सोडवत नाही," ती म्हणाली. "माणूस वाईट नाही हो. पण नुसतं 'जाऊ, जाऊ' करतात."

"चुकलंच त्यांचं," पासवाले म्हणाले. "मी सांगतो त्यांना."

"सांगा," ती म्हणाली, आणि पुढच्या लाटेला पुन्हा हसली.

घरी आल्या आल्या पासवाल्यांनी आपला पट्टा कात्रीने कापून कचऱ्याच्या डब्यात टाकला. फार खाजत होता. बायकोचा मात्र तिच्या मनगटावरच ठेवला. त्याच्या कोऱ्या भागावर न पुसणाऱ्या शाईने घरचा फोन नंबर लिहिला. आपण केवढी अक्कल चालवली याचा त्यांना इतका आनंद झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी कड्या न लावता, घुंगरू न बांधता ते दूध आणायला गेले.

परत आले तर दारात स्टूल टाकून बायको बसलेली. हात पुढे.

"पट्टा?"

"अगं, मी आहे!"

"सगळे असंच म्हणतात." तिने यांचं रिकामं मनगट उलटसुलट करून बघितलं. "नियम म्हणजे नियम. बाहेर थांबा."

हे ऐकून पासवाले जागच्या जागी उभे राहिले. इतकं सगळं पुसलं गेलं, आणि राहिलं ते हे! वरच्या मजल्यावरच्या वहिनी जिन्यात थबकल्या. "काय झालं हो, भावोजी?"

"काही नाही. पास नाही."

घरोघरचा कचरा उचलून कचरेवाला अजून खालीच होता. पासवाल्यांनी त्याच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून पट्ट्याचे दोन तुकडे शोधले, वहिनींकडून चिकटपट्टी आणून जोडले आणि हात पुढे केला. बायकोने नंबर वाचला. एक-एक आकडा बोट ठेवून वाचला. मग जोड दिसला.

"हा चिकटवलेला आहे," ती म्हणाली. "असला चालत नाही. तुम्ही पायरीवर बसा. आमचे हे आले की ते बघतील काय ते. त्यांच्यापुढे कुणाची लबाडी चालत नाही."

पासवाले दुधाची पिशवी मांडीवर घेऊन पायरीवर बसले.

"कधी येतील ते?" त्यांनी विचारलं.

"त्यांचं काही खरं नाही हो," बायको म्हणाली. "समुद्रावर जाऊ म्हणाले होते, त्याला वीस वर्षं झाली."